डॉक्टरबाब, एक विचारू? : दोन पावलं पुढे जायची सोय

यावेळी पत्रं जास्त करून पैशांवरच आलीत. गुडघे, केस गळणं, रक्तदाब हे सगळं पुढच्या अंकात घेतो, नाराज होऊ नका. पर्वरीच्या एका मुलाने इतकं तावातावाने लिहिलंय की त्याला नीट उत्तर दिल्याशिवाय मला झोप येणार नाही, म्हणून अर्धी जागा त्यालाच.

प्रश्न : डॉक्टरकाका, मी आयटीत आहे. गेल्या महिन्यात बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन खाजगीत केलं, कारण बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, म्हणजे जीएमसीत, तारीख लांबची मिळत होती आणि वॉर्डात गर्दी. बिल झालं १ लाख ६५ हजार. आधी रेट विचारला तर 'पेशंट बघितल्याशिवाय सांगता येत नाही' म्हणाले. मला प्रश्न पडतो की मोबाईल डेटा २०१६ च्या आधी १ जीबीला अडीचशे रुपये होता, स्पर्धा आली आणि भाव धाडकन पडला. हॉस्पिटलांचं तसं का होत नाही? माझं स्पष्ट मत आहे की सरकारने यातून पूर्ण बाहेर पडावं, जीएमसी पण चालवायला देऊन टाकावी, लोकांच्या हातात पैसे द्यावे आणि मग बघा हॉस्पिटलं गिऱ्हाईकाच्या मागे कशी धावतात ते. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : बाबा रे, तुझं अर्धं पत्र मला पटलं, म्हणून आधी तेच घेतो.

आरोग्यात बाजार चालतच नाही असं काही लोक ठोकून देतात, ते खरं नाही. दातांचं बघ. कळंगुट-कांदोळीला सुट्टीवर येणारे परदेशी लोक जाताना दात करून जातात, इंप्लांट, कॅप, रूट कॅनाल, आणि विमानात बसायच्या आधीच त्यांनी तीन-चार क्लिनिकांना ईमेल टाकून रेट मागवलेले असतात. क्लिनिकवाले पण निमूट रेट पाठवतात, कारण नाही पाठवला तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाणार हे त्यांना माहीत असतं. दात थांबतो ना! आज दुखला तर लवंग धरून चार दिवस काढता येतात आणि तेवढ्यात चौकशी होते. चष्मा तसाच, लेझरने नंबर घालवणं तसंच, मोतीबिंदू पण बऱ्यापैकी तसाच. इथे सरकारने भाव ठरवत बसायची काही गरज नाही, डॉक्टर शिकलेला आहे की नाही आणि हत्यारं उकळलेली आहेत की नाही एवढं बघितलं तरी खूप झालं.

औषधांचं उदाहरण तर आणखी तुझ्या बाजूचं आहे. २००१ साली सिप्लाने एड्सच्या तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला तेव्हा परदेशी कंपन्या त्याचे वर्षाला १० हजार डॉलरच्या वर घेत होत्या. स्पर्धेनेच भाव पाडला ना? पाडला. पण ती स्पर्धा उभी राहिली कशी, तर आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट नव्हतं, ते बनवायच्या पद्धतीला होतं, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मोकळीक होती. म्हणजे वेर्ण्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूला जे औषधांचे कारखाने दिसतात ना, त्या धंद्याच्या मुळाशी दिल्लीत बसून कोणीतरी लिहिलेला एक नियम आहे. असो.

आता उरलेलं अर्धं. त्यासाठी माझीच गोष्ट सांगतो.

२०१९ च्या पावसाळ्यात एकदा रात्री दोन वाजता माझ्या छातीत दुखायला लागलं. पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की छातीत दुखून डावा हात जड झाला तर गॅस समजून सोडा पिऊ नका, आणि मी काय केलं, सोडा प्यालो. बायकोने मुलाला उठवलं, त्याने गाडी काढली आणि जे जवळचं खाजगी हॉस्पिटल होतं तिथे नेलं, नाव सांगत नाही कारण जीव त्यांनीच वाचवला. तिथला कार्डिओलॉजिस्ट माझ्या मुलापेक्षा लहान. म्हणाला, सर, एक ब्लॉक ९५ टक्के आहे तो लगेच उघडतो, दुसरा ७० टक्के वाटतोय, आता टेबलवर आहातच तर तोही करून घेऊया का? मी डॉक्टर माणूस, मला माहीत होतं की दुसऱ्या ब्लॉकबद्दल दोन मतं असू शकतात, थोडं थांबता येतं, आणखी कोणाला तरी दाखवता येतं. पण मी काय म्हटलं असेन? 'करा'. भाव विचारला नाही, गरज विचारली नाही, काहीच नाही. बाहेर मुलाने कुठल्या कागदांवर सह्या केल्या ते त्याला अजून आठवत नाही.

माझी बायको म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची घेते ते एकदा बघायला ये. भाव ऐकते, 'बाय, इतकी महाग?' म्हणते, आणि दोन पावलं पुढे जाते. तिसरं पाऊल पडायच्या आत मागून हाक येतेच. सगळा बाजार त्या दोन पावलांवर चालतो रे, गिऱ्हाईक निघून जाऊ शकतं या भीतीवर. मोबाईलचं कार्ड तू बदललंस कारण तुला ती दोन पावलं टाकता येत होती. स्ट्रेचरवर पाय असून उपयोग नसतो.

आणि हे माझं डोकं नाही. केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थतज्ञाने १९६३ सालीच हे सविस्तर लिहून ठेवलंय, १९७२ चं नोबेल मिळालेला माणूस, आणि गंमत म्हणजे मोकळ्या स्पर्धेत भाव कसे जुळून येतात याचं गणित सिद्ध करणाऱ्यांपैकीच तो एक. त्याचं म्हणणं साधारण असं की आजार कधी येणार ते पेशंटला माहीत नसतं, आल्यावर काय लागणार ते पण माहीत नसतं, आणि काय लागणार हे ठरवतो कोण, तर जो ते विकणार आहे तो. मिरचीवाली तुझ्या घरी येऊन 'तुम्हाला या महिन्यात चार किलो लागणार, नाहीतर काही खरं नाही' असं सांगायला लागली तर घासाघीस कसली करणार?

माझ्या बिलाचं पण ऐक. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची, म्हणजे शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीची, किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, त्याआधी हीच वस्तू लाखाच्या वर पण जायची. माझ्या बिलात स्टेंट बरोबर नियमाच्या भावात होते, शंकेला जागा नाही. पण 'कंझ्युमेबल्स' नावाचं एक वेगळं पान होतं, बलून, कॅथेटर, सिरिंज, ग्लोव्हज, ते मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि ठेवून दिलं. पुढे कळलं की २०१८ मध्ये औषधांचे भाव ठरवणाऱ्या एनपीपीए या सरकारी संस्थेने दिल्लीकडच्या चार मोठ्या खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली होती, तर काही वस्तूंवरचं मार्जिन १,७०० टक्क्यांच्याही वर निघालं. एका वस्तूचा भाव बांधला की नफा शेजारच्या वस्तूत जाऊन बसतो, पाणी जसं उताराला जातं तसं. म्हणून नुसतं भाव बांधून पण भागत नाही, हे मी तुझ्या बाजूने कबूल करतो.

तू अमेरिकेचं नाव घेतलं नाहीस पण मनात असणार. तिथे पण बाजार मोकळा नाहीये. ६५ वर्षांवरच्यांचा बराचसा खर्च १९६५ पासून मेडिकेअर म्हणजे सरकारच उचलतं, आणि इमर्जन्सीत आलेल्याला पैसे नाहीत म्हणून परत पाठवायचं नाही असा कायदा त्यांनाही १९८६ ला करावाच लागला. एवढं करून देशाच्या उत्पन्नाचा साधारण सहावा हिस्सा आरोग्यावर जातो आणि तरी अडीच कोटींच्या आसपास लोकांकडे विमाच नाही. सिंगापूरचं नाव काढणारे पण असतात, की बघा तिथे प्रत्येकाचं स्वतःचं आरोग्य खातं असतं, स्वतःच्या पैशाने उपचार. खरं आहे, १९८४ पासून आहे ते. फक्त ते खातं सरकारने सक्तीने कापलेल्या पगाराचं असतं आणि बहुतेक बेड सरकारी हॉस्पिटलात असतात, एवढं सांगायचं राहून जातं!

आता तुझ्या १ लाख ६५ हजारांकडे येतो. तुला ते जास्त वाटले, मला पण वाटले. पण मला सांग, ४ लाख का नाही झाले? हॉस्पिटलवाल्याला तेवढे मागायला कोणी अडवलं होतं? त्याला अडवलं बांबोळीने. तेच ऑपरेशन बांबोळीला फुकट होतं हे त्यालाही माहीत आहे आणि तुलाही, तुम्ही तिथे गेला नाहीत कारण तारीख लांबची मिळत होती, वॉर्डात गर्दी, बाथरूमचा त्रास. म्हणजे तुम्ही जे भरलेत ते लवकरच्या तारखेचे आणि वेगळ्या खोलीचे भरलेत. आणि बाबांकडे थांबायला महिना होता, दोन पावलं मागे जायला जागा होती. ती जागा म्हणजेच बांबोळी. १८४२ सालच्या पणजीच्या एस्कोला मेदिकापासून चालत आलेली, १९६३ ला गोवा मेडिकल कॉलेज झालेली ही जागा उद्या 'चालवायला' दिलीस, तर तुझ्या त्या खाजगी हॉस्पिटलाची खरी स्पर्धाच संपली. स्पर्धा हवी असं तुझं म्हणणं ना? गोव्यात खाजगीशी सगळ्यात मोठी स्पर्धा सरकारच करतंय.

सरकार म्हणजे काही देव नाही, हे पण लिहिलंच पाहिजे नाहीतर म्हातारा एकतर्फी बोलतो म्हणशील. मे २०२१ मध्ये बांबोळीला रात्रीचा ऑक्सिजन कमी पडत होता, पहाटे माणसं जात होती आणि शेवटी हायकोर्टाला मध्ये पडावं लागलं. त्यात गेलेल्या दोघांना मी ओळखत होतो. आणि जुनी गोष्ट, १९९२ ला बंगालमध्ये एक शेतमजूर ट्रेनमधून पडला, डोक्याला मार, एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी बेड नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी खाजगीत घेतला आणि त्या गरिबाचे १७ हजार गेले. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेळेवर उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, बेड नाही हे उत्तर चालणार नाही, सरकारने २५ हजार भरपाई द्यावी. तेव्हा नुसती सरकारी इमारत उभी असून भागत नाही, त्यात बेड, ऑक्सिजन आणि रात्री जागता माणूस लागतो. यासाठी भांड, मी पण तुझ्याबरोबर भांडायला येतो.

आणि पुढच्या वेळी ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर लेखी अंदाज मागायचा, तीन ठिकाणी मागायचा. 'बघितल्याशिवाय सांगता येत नाही' म्हणाले की आपण म्हणायचं, बघा आणि मग लिहून द्या.

प्रश्न : डॉक्टर, सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर आहे. सहा वर्षं विमा भरतोय, दरवर्षी हप्ता वाढतो. आता पायाच्या जखमेसाठी ॲडमिट केलं तर कंपनी म्हणते शुगर आधीपासून होती, तुम्ही लपवली, क्लेम नाही. आम्ही खरंच लपवली नव्हती, एजंटनेच फॉर्म भरला. विमाच काढू नये का?
– एक गृहिणी, डिचोली

उत्तर : ताई, आधी कामाचं. २०२४ पासून नियम असा आहे की सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असेल तर कंपनीला 'तुम्ही सांगितलं नाही' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. आधीपासूनच्या आजाराची वाट बघायची मुदत पण चारावरून तीन वर्षांवर आणलीय. तुमची सहा झालीत. तेव्हा कंपनीच्या तक्रार विभागाला आधी लेखी पाठवा, पोच ठेवा, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, फी नाही, वकील लागत नाही. एजंटला फोन करत बसू नका, तो आता उचलणार नाही.

दुसरं, घरात गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आहे का? २०१६ पासूनची योजना, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला उपचारासाठी अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांना. बऱ्याच घरात ते कार्ड काढलेलं असतं आणि कपाटात साडीखाली असतं. सासूबाई सत्तरीला पोचल्या की आयुष्मानचं कार्ड पण काढा, ७० च्या वरच्यांना उत्पन्न न बघता ऑक्टोबर २०२४ पासून मिळतंय.

विमाच काढू नये का म्हणता, तर काढा, पण तो धंदा कसा आहे ते समजून. भिशीचं उदाहरण घ्या. समजा भिशीत ज्यांना याच महिन्यात पैसे हवेत तेवढ्याच बायका आल्या, ज्यांना घाई नाही त्या आल्याच नाहीत, तर भिशी चालेल का? विम्यात हेच होतं. ज्याला आजार आहे तो धावत येतो, धडधाकट माणूस म्हणतो कशाला हप्ता भरू, मग कंपनी हप्ता वाढवते, मग आणखी थोडे धडधाकट निघून जातात, आणि शेवटी हप्ता म्हाताऱ्या माणसाला परवडेनासा होतो. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिताना हेच उदाहरण दिलं होतं, ६५ च्या वरच्यांना मेडिकल विमा मिळणं का कठीण ते. म्हणून जगात जिथे विमा नीट चालतो तिथे तो बहुतेक करून सगळ्यांना सक्तीचा असतो. स्वित्झर्लंडमध्ये कंपन्या खाजगी आहेत, पण १९९६ पासून प्रत्येकाने मूळ विमा घ्यायलाच हवा आणि कंपनीने कोणालाही त्यासाठी नाही म्हणायचं नाही. बाजाराला आजारी माणूस गिऱ्हाईक म्हणून नकोच असतो, हा एकच असा धंदा असेल जिथे ज्याला वस्तूची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच दुकानदार टाळतो.

प्रश्न : साहेब, आम्ही सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गचे. आमचे पोरगे तुमच्या कारखान्यांत, हॉटेलांत काम करतात, आमची भाजी तुमच्या बाजारात, आणि आजारी पडलो की बांबोळीला परका म्हणून पैसे लावतात. हे बरोबर?
– एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : मनाला विचारलं तर नाही. माझी आईच सावंतवाडीची. १ जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या राज्यातल्या पेशंटांना पैसे लावायला सुरुवात झाली आणि तुमच्याकडे केवढं आंदोलन पेटलं होतं ते मला आठवतंय.

पण दुसऱ्या बाजूने बघा, गोव्याची लोकसंख्या १५ लाखांच्या आसपास, तेवढ्यांच्या करातून ते हॉस्पिटल चालतं, आणि तिकडून सिंधुदुर्ग, खालून कारवार सगळे तिथेच येतात कारण मधे दुसरं काही नाही. तुम्हाला बांबोळी जवळ वाटते कारण तुमच्या सरकारने तुमच्यासाठी जवळ काही केलं नाही इतकी वर्षं. आता तुमच्या सिंधुदुर्गात ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय, ते नुसतं बोर्डापुरतं राहू नये म्हणून मुंबईला ओरडा. आणि ज्याचं आयुष्य सीमेच्या दोन्ही बाजूला आहे अशा माणसाचं बिल दोन सरकारांनी आपसात फेडावं, पेशंटच्या खिशात हात घालू नये, असं माझं मत. अपघाताच्या वेळी मात्र सीमा बघू नका, जे जवळ असेल तिथे न्या. १९८९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, सरकारी असो की खाजगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा आणि पोलीस-कागद नंतर.

प्रश्न : बाजाराला नावं ठेवता, पण तुम्ही स्वतः माशेलला दवाखाना टाकून फी घेतच होता ना?
– तुमचा जुना पेशंट, फोंडा

उत्तर : घेत होतो की! सहा वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात काढली आणि मग दवाखाना टाकला, मुलांची शिक्षणं त्याच फीवर झाली. सुरुवातीला पाच रुपये, बंद केला तेव्हा दीडशे. कोणी नारळ द्यायचे, कोणी आमसोलं.

आणि विचारलंच आहे तर सांगतो, स्पर्धेने मला चांगला डॉक्टर बनवलं नाही. केंद्रात होतो तेव्हा व्हायरल तापाच्या माणसाला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवायचो, पगार ठरलेला होता, तो परत आला काय न आला काय. स्वतःचा दवाखाना टाकल्यावर तीनशे पावलांवर दुसरा डॉक्टर होता, तो प्रत्येकाला इंजेक्शन मारायचा, आणि गावात इंजेक्शन देणाराच खरा डॉक्टर. वर्षभर मी तत्त्वाने राहिलो, दवाखान्यात माशा. मग मी पण बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन सुरू केलं, सांगतो ते खरं, काही वेळा नको तिथे अँटिबायोटिक पण दिलंय. इथे पेशंटला दोन पावलं टाकायची पूर्ण मोकळीक होती आणि तो टाकत होता, फक्त चुकीच्या दिशेने, कारण कुठल्या डॉक्टरचं बरोबर आहे हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. पर्वरीच्या मुलाने हे पण वाचावं.

एक म्हातारी होती, नाव नको, दर पंधरा दिवसांनी यायची आणि लाल टॉनिक मागायची. एकदा मी हट्टाला पेटलो आणि म्हटलं आजी, तुला काही झालेलं नाही, औषध नाही आणि फी पण नाही, घरी जा. ती उठली आणि तडक समोरच्याकडे गेली, तिथे तिला सलाईन लावलं आणि तीनशे रुपये घेतले. पुढे ती कायम तिकडेच गेली. चवथीला मात्र गणपतीवर टांगायच्या माटोळीची तवशी, म्हणजे काकडी, दरवर्षी माझ्याच घरी पाठवायची.